अहमदाबादचं जुनं शहर दीड दिवसात पायी: क्रम, वेळा आणि खाचाखोचा

दगडफूल (धागाकर्ता)

शनिवारी पहाटे पोचायचं आणि रविवारी दुपारी किंवा रात्री परत निघायचं, असा बेत करणाऱ्यांसाठी हा धागा. विषय फक्त कोटाच्या आतलं शहर, आणि शेवटी जमलं तर त्याला लागून असलेल्या दोन जागा. साबरमती आश्रम, अडालजची वाव (पायऱ्यांनी आत उतरायची विहीर) आणि सरखेज रोजा यांच्यासाठी वेगळा धागा काढू. दीड दिवसात त्याही कोंबल्या की सगळा वेळ रिक्षात जातो.

आधी शहर डोळ्यासमोर आणा. सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व काठावर ते वसवलं. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. हा मान मिळालेलं हे भारतातलं पहिलं शहर. क्षेत्र साधारण ५.३५ चौरस किलोमीटर. पूर्वेला कालुपूर, म्हणजेच अहमदाबाद रेल्वे स्टेशन, पश्चिमेला नदीकडे भद्रचा किल्ला. या दोन टोकांना जोडणारे दोन समांतर रस्ते आहेत, उत्तरेकडचा रिलीफ रोड आणि दक्षिणेकडचा गांधी रोड. बघण्यासारखं बहुतेक सगळं या दोन रस्त्यांच्या मध्ये किंवा अगदी कडेला आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चाललं तर अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. पोळींमधून (पोळ म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेली दाट वस्तीची गल्ली) वळणं घेत गेलं तर तीन-साडेतीन.

अंतर एवढं कमी असूनही लोकांचा दिवस फसतो, कारण ते नकाशा बघून क्रम लावतात. इथे घड्याळ बघून क्रम लावावा लागतो. पोळीतली देरासरं (जैन मंदिरं) सकाळी उघडी असतात आणि दुपारच्या सुमारास बहुतेक बंद होतात. मशिदीत नमाजाच्या वेळी पाहुण्यांनी फिरू नये. सिदी सैयदच्या मशिदीतली दगडी जाळी उन्हाच्या कलावर अवलंबून. माणेक चौकात दिवसा सराफ असतात, खाणं रात्री. हे सगळं जुळवलं की क्रम आपोआप ठरतो:

शनिवार सकाळी साडेसात: कालुपूरचं स्वामिनारायण मंदिर. तिथून पश्चिमेकडे पोळीपोळीतून, साडेदहा-अकरापर्यंत जामा मशीद. बारा ते चार मुक्कामी विश्रांती. साडेचारला तीन दरवाजा, मग भद्र, आणि सूर्यास्ताच्या आधी अर्धा-पाऊण तास सिदी सैयदची मशीद. रात्री साडेनऊनंतर माणेक चौक.

रविवार सकाळी: दिल्ली दरवाजाबाहेरचं हठीसिंगचं देरासर, तिथून रिक्षाने असारव्याची दादा हरिची वाव. दुपारी मोकळे.

दुरुस्त्या आणि भर, दोन्हींचं स्वागत.

नकाशेवाला

क्रम बरोबर आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर राहतं आणि पोळींचे दर्शनी भाग उजेडात दिसतात. बहुतेक लोक लाल दरवाजाच्या बाजूला उतरतात आणि जवळ म्हणून भद्रपासून सुरुवात करतात. मग पोळींपर्यंत पोचेतो साडेअकरा वाजतात, देरासरं बंद होत असतात, आणि उलट्या दिशेने परतायचं अंतर अंगावर येतं.

मोबाइलच्या नकाशाबद्दल: पोळीची गल्ली कुठे कुठे इतकी अरुंद आहे की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. वर तीन-चार मजले आणि पुढे आलेले सज्जे. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे निळा ठिपका शेजारच्या पोळीत दाखवतो. तो बघत चालू नका. त्याऐवजी रचना वाचा:

पोळीच्या तोंडाशी दरवाजा असतो, बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर पहारेकऱ्याची खोली. मूळ कल्पना अशी की एका दरवाजाने आत, त्याच दरवाजाने बाहेर, रात्री दरवाजा बंद. म्हणजे पोळ ही बहुतेक वेळा बंद गल्लीच समजा. आत एक मोकळा चौक, चबुतरा (पक्ष्यांना दाणे घालायचा कोरीव खांब), विहीर, एखादं मंदिर. पोळीला फुटलेली आणखी छोटी बोळं म्हणजे खडकी किंवा खांचो, आणि त्या तर नक्कीच पुढे बंद होतात.

पण काही पोळींना मागून निघायची वाट आहे, काही ठिकाणी ती चक्क कुणाच्या घराखालून जाते. ती ओळखायची खूण म्हणजे समोरून अनोळखी दुचाकी येतेय का. येत असेल तर वाट पुढे निघते. ओट्यावर कपडे, सायकली, खाट आडवी टाकलेली असेल तर ती वाट फक्त त्या घरांची आहे, मागे फिरा.

हरवलात तर घाबरू नका. दिशा धरून उत्तरेला किंवा दक्षिणेला चालत राहिलं की रिलीफ रोड किंवा गांधी रोड यांतला एक लागतोच. आणि विचारायचं ते मोठ्या खुणेबद्दल विचारा. "माणेक चोक कई बाजु?" याला प्रत्येक जण बोट दाखवून उत्तर देतो. एखाद्या देरासराचं नाव विचारलंत तर त्याच नावाची दोन दाखवतील.

साळुंकी

महापालिकेचा हेरिटेज वॉक घ्यावा की आपलं आपण फिरावं?

दगडफूल

पहिल्यांदा जात असाल तर वॉकच घ्या. नोव्हेंबर १९९७ पासून तो चालू आहे. स्वामिनारायण मंदिराच्या आवारात सुरुवात, जामा मशिदीशी शेवट, साधारण अडीच तास. सकाळी आठच्या सुमारास निघतो, पण पावणेआठला हजर राहा, कारण सुरुवातीला चित्रफीत दाखवतात आणि माणसं मोजतात. जागा आदल्या दिवशी ऑनलाइन घेऊन ठेवा, वेळही तेव्हाच तपासा.

नकाशेवाला

मी थोडं वेगळं सांगेन. वॉकचा फायदा असा की वाटाड्याला घरमालक ओळखतात, त्यामुळे एकट्याने गेल्यावर न उघडणारी एक-दोन दारं उघडतात आणि ती मागची गुप्त वाटही चुकत नाही. तोटा असा की गट मोठा असला तर अरुंद गल्लीत मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही, आणि देरासरात पाच मिनिटांवर थांबता येत नाही. म्हणून वाटाड्याच्या खांद्याला खांदा लावून चाला, आणि आवडलेल्या दोन जागा मनात धरून रविवारी पुन्हा त्यांच्याकडे जा.

आपलं आपण जायचं तर याच वाटेने: स्वामिनारायण मंदिर, कवी दलपतराम चौक, लांबेश्वरची पोळ, कॅलिको डोम, काळा रामजी मंदिर, हाजा पटेलची पोळ (शांतिनाथजी), कुवावाळो खांचो, झवेरीवाड, संभवनाथची खडकी, चौमुखजीची पोळ, अष्टापदजीचं देरासर, हरकुंवर शेठाणीची हवेली, दोडिया हवेली, फर्नांडिस पूल, चांदला ओळ, मुहूर्त पोळ, जुना शेअर बाजार, माणेक चौक, राणीनो हजीरो, बादशाहनो हजीरो (हजीरो म्हणजे राजघराण्याच्या कबरींची जागा), जामा मशीद.

ही यादी कागदावर लिहून न्या. मोबाइल काढून बघत बसलात की मागून स्कूटर येते.

ओसरी

मंदिरात जास्त वेळ द्यायचा की पोळींत?

दगडफूल

मंदिरात अर्धा तास पुरे. १८२२ साली बांधलेलं, स्वामिनारायण संप्रदायाचं हे पहिलं मंदिर. नरनारायण देवाची स्थापना आहे. लक्ष द्यायचं ते बर्मी सागाच्या कोरीव खांब-कमानींकडे आणि आवारातल्या हवेलीकडे. तिथून बाहेर पडलं की दलपतराम चौकात कवीचा ओट्यावर बसलेला पुतळा आहे. दलपतराम (१८२०–१८९८) याच जागी राहायचे.

बाकीचा सगळा वेळ पोळींना. त्यातही झवेरीवाड ते अष्टापदजी हा टप्पा घाईत उरकू नका.

कोरडवाहू

पोळीतल्या घराकडे नीट कसं बघायचं ते लिहितो, कारण बरेच जण फक्त कोरीव तुळया बघून पुढे जातात.

बाहेरून सुरुवात करा. रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या वर ओटा. त्याच्या मागे दर्शनी खोली. त्यामागे उघडा चौक, वर आकाश. चौकाभोवती पाणियारं (पाण्याच्या घागरी ठेवायची जागा), स्वयंपाकघर, आणि मागे ओरडो, म्हणजे अंधारी खोली. घर रुंदीला कमी आणि खोलीला जास्त. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्याला लागून, त्यामुळे त्या बाजूंना खिडकी नाही. उजेड आणि हवा दोन्ही चौकातूनच येतात. दुपारी चौकातली तापलेली हवा वर जाते आणि सावलीतल्या गल्लीतली गार हवा दारातून आत ओढली जाते. बाहेर रस्त्यावर रणरणतं ऊन असताना ओट्यावर दोन मिनिटं उभं राहिलं की फरक अंगाला कळतो.

आता चौकाच्या फरशीकडे बघा. कोपऱ्यात धातूचं गोल झाकण दिसेल. त्याखाली टांका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची खोली. आतून चुन्याचा गिलावा, वर फक्त घागर उतरेल एवढं तोंड. गच्चीवरून नळाने पाणी खाली येतं. पहिल्या पावसाचं पाणी टांक्यात घेत नाहीत, छप्पर धुऊन निघेपर्यंत ते बाहेर सोडतात, आणि नंतरच नळाचं तोंड टांक्याकडे वळवतात. टांक्यात ऊन शिरत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही आणि पाणी वर्षभर टिकतं. झाकण बराच वेळ उघडं ठेवायला सांगू नका. उजेड आणि धूळ आत गेली की पाणी खराब होतं.

तिसरी गोष्ट भिंतीत. विटांच्या थरांमध्ये ठरावीक उंचीवर आडवी लाकडं घातलेली दिसतील, गिलावा उडालेल्या भिंतीत ती साफ दिसतात. भूकंपात भिंत हलते तेव्हा ही लाकडं तिला बांधून ठेवतात, तडा एका पट्ट्याच्या पुढे सरकत नाही. अशा भिंतीला नंतर कुणी सिमेंटचा जाड गिलावा केला की आत ओल कोंडते आणि लाकूड कुजतं. पोळीत फुगलेल्या, पोपडे आलेल्या भिंती दिसतात त्यांतल्या कित्येकांचं दुखणं हेच आहे.

आत बोलावलं तरच आत जा. ओटा ही घराचीच जागा आहे, सार्वजनिक बाक नाही. आणि दुपारी एक ते चार पोळ झोपलेली असते, तेव्हा गटाने बोलत फिरू नका.

साळुंकी

कोरडवाहू, फार उपयोगी. वाचनखूण साठवली.

पाणंद

बायकांना मशिदीत आणि हजीऱ्यात कुठे कुठे जाता येतं?

दगडफूल

जामा मशिदीचं अंगण सगळ्यांना खुलं. बादशाहनो हजीरो, म्हणजे अहमदशहाची कबर, तिथे आतल्या दालनात बायकांना प्रवेश नाही, बाहेरच्या ओवरीतून बघता येतं. राणीनो हजीरो समोरच आहे, राण्यांच्या कबरी उंच जोत्यावर उघड्या अंगणात. त्याच्या चारी बाजूंनी कपड्यांचा आणि मुखवासाचा बाजार इतका चिकटलाय की दार पटकन सापडत नाही. दुकानदाराला विचारा. सिदी सैयदमध्ये नमाजाच्या जागेत बायकांना जाऊ देत नाहीत, पण ती मशीद पूर्वेकडून कमानींनी उघडी आहे, त्यामुळे अंगणात उभं राहून समोरच्या भिंतीतल्या जाळ्या दिसतात. आणि बाहेरून पश्चिमेच्या बाजूला गेलं तर त्याच जाळ्या जवळून बघता येतात.

सगळीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल. देरासरात चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही आणि आत फोटो काढू देत नाहीत. म्हणून त्या दिवशी कापडी पाकीट घ्या, पट्टा मुक्कामीच ठेवा.

नकाशेवाला

पादत्राणं: बंदवाले बूट नकोत. सकाळच्या तीन तासांत सात-आठ वेळा काढघाल होते. घट्ट बसणारी, मागे पट्टा असलेली सँडल सगळ्यात बरी, कारण पोळीत दगड निसरडे असतात आणि उघडी गटारंही आहेत. सोबत जाड मोज्यांचा जोड ठेवा. जामा मशिदीचं दगडी अंगण अकरानंतर इतकं तापतं की अनवाणी चालवत नाही, मोजे असले तर निवांत बघता येतं.

बोरूवाले

जामा मशिदीत काय बघायचं ते कुणी लिहिलं नाही. १४२४ मध्ये पूर्ण झाली. २६० खांब, १५ घुमट. मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना तुटलेले बुंधे दिसतात ते मिनारांचे. वरचा भाग १८१९ च्या भूकंपात पडला. कोरीवकाम सगळ्यात चांगलं या बुंध्यांवरच आहे आणि ते डोळ्यांच्या उंचीला आहे, तरी लोक मान वर करून घुमट बघत आत जातात. आधी इथे थांबा. मग आत जाऊन मधल्या भागात वर बघा. छत मजल्यामजल्याने वर चढलंय आणि मधल्या जाळ्यांतून उजेड झिरपतो, खाली ऊन अजिबात येत नाही.

बाहेर पडताना पूर्वेच्या दाराने बाहेर पडा. समोर बादशाहनो हजीरो, पुढे राणीनो हजीरो आणि माणेक चौक. उत्तरेच्या दाराने गेलात तर थेट गांधी रोडच्या गर्दीत. तिथून तीन दरवाजा पश्चिमेला चार-पाच मिनिटांवर, पण भर दुपारी तिकडे जाऊन उपयोग नाही.

शुक्रवारी मात्र हा क्रमच बदला. साधारण साडेबारा ते दोन या वेळेत जुम्म्याची नमाज असते, आजूबाजूचे रस्तेही भरतात. साडेअकराच्या आत बाहेर पडा.

बखर

मराठी माणसाने तीन दरवाजाशी थांबावं असं एक कारण सांगतो. १७५८ ते १८१७ या काळात अहमदाबादवर पेशवे आणि गायकवाड यांची भागीदारीत सत्ता होती. त्याच काळातला, १८१२ सालचा, देवनागरीत कोरलेला एक लेख या दरवाजावर आहे. मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा तो हुकूम. बापाच्या मालमत्तेतला मुलीचा वाटा तिला विनातक्रार द्यावा, आणि जो देणार नाही त्यातल्या हिंदूने महादेवाला व मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा, असा त्याचा आशय. दोनशे वर्षांपूर्वी, भर बाजाराच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असा.

तो सापडत नाही कारण लोक कमानींकडे बघतात. कमानीखाली फेरीवाले, कपडे टांगलेले, रिक्षा. मधल्या खांबांच्या भिंती हळूहळू बघत फिरा. भिंतीत बसवलेली दगडी पाटी आहे. अक्षरं झिजली आहेत आणि वर रंगाचे थर आहेत, त्यामुळे समोरून प्रकाश पडला तर वाचता येत नाही. कलतं ऊन असताना, किंवा मोबाइलची विजेरी पाटीच्या एका कडेला धरून, तिरका उजेड टाकला की अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. खडू किंवा पीठ चोळू नका.

गायकवाडांची हवेली रायखड भागात आहे, पण पोलिसांच्या ताब्यात असल्यामुळे सहज आत जाता येत नाही. त्यासाठी वाट वाकडी करू नका.

पाणंद

बखर, या लेखाबद्दल शाळेत का शिकवलं नाही असं वाटलं. धन्यवाद.

दगडफूल

बखर, हे मूळ धाग्यात टाकायलाच हवं होतं. तीन दरवाजाला आणखी दहा मिनिटं धरा. त्याच दरवाजात एक दिवा आहे, नगरातून लक्ष्मी निघून जाऊ नये म्हणून तेवत ठेवतात अशी आख्यायिका आहे, आणि तो सांभाळणारं कुटुंब मुसलमान आहे.

तीन दरवाजा ते भद्र या पट्ट्यात पूर्वी शाही मैदान होतं. आता तिथे वाहनं नाहीत, पण फेरीवाले दाट आहेत. खिसा समोर ठेवा. भद्रच्या दारातच भद्रकाली मंदिर.

ओसरी

सिदी सैयदला संध्याकाळीच का? सकाळी गर्दी कमी असते ना?

नकाशेवाला

जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत. सकाळी ऊन पूर्वेकडून आत येतं आणि जाळीच्या आतल्या तोंडावर पडतं, मागे काळोख राहत नाही, नक्षी सपाट दिसते. उन्हं पश्चिमेला गेली की उजेड जाळीच्या मागून येतो. मग दगड काळा आणि मोकळी जागा सोनेरी, फांदी आणि पान वेगळं कळतं. बाहेरच्या बाजूने बघायचं तर याच वेळी तिरकं ऊन बाहेरच्या तोंडावर असतं. म्हणजे एकाच अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी बघता येते.

१५७२-७३ ची ही मशीद, सल्तनतीच्या अगदी शेवटच्या वर्षातली. बांधणारा सिदी सैयद हा हबशी सरदार. झाडाची प्रसिद्ध जाळी मधल्या कमानीच्या बाजूला आहे. बरोबर मधल्या कमानीत मात्र जाळी नाही, साधा दगड भरलाय. जाळीकडे बघताना आधी खोड शोधा, मग फांद्या वेलीसारख्या एकमेकींत कशा गुंततात ते बोटाने हवेत गिरवा. फांदी कुठेही उगाच तुटत नाही. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हात हीच जाळी आहे.

मगरिबची नमाज सूर्यास्ताला. त्याआधी दहा मिनिटं आतून बाहेर पडा. मशीद रस्त्यांच्या मधोमध बेटासारखी आहे, रस्ता ओलांडताना सिग्नलवर विसंबू नका, माणसांच्या घोळक्याबरोबर ओलांडा.

माळवद

सोबत सत्तरीची व्यक्ती आहे, गुडघे दुखतात. कितपत जमेल?

दगडफूल

चालणं सपाट आहे, त्रास पायऱ्यांचा आणि काढघालीचा. देरासरांना उंच पायऱ्या आहेत आणि बसायला बाक नाहीत. त्यांच्यासाठी सकाळी मंदिर ते अष्टापदजी एवढाच टप्पा करा. हा टप्पा हळू चालूनही दीड तासात होतो. तिथून गांधी रोडला बाहेर पडून रिक्षाने मुक्काम. संध्याकाळी फक्त सिदी सैयद. दादा हरिची वाव त्यांनी वरूनच बघावी, आत उतरताना कठडा नाही.

पोळीच्या आत रिक्षा येत नाही, म्हणून कुठे थकलं तर कुठल्या बाजूला रस्ता जवळ आहे हे आधीच ठरवून ठेवा.

अंबाडी

मुक्काम कुठे करावा? मित्रमंडळी म्हणतात नदीपलीकडे चांगली हॉटेलं आहेत.

दगडफूल

नदीच्या पश्चिमेला हॉटेलं जास्त आणि ऐसपैस, हे खरं. पण दीड दिवसाच्या सहलीत दुपारी परत येऊन पाठ टेकायची आहे आणि रात्री अकरा-बाराला माणेक चौकातून परतायचं आहे. त्यासाठी लाल दरवाजा, खानपूर किंवा रिलीफ रोडचं पश्चिम टोक इथेच राहा. रस्त्याकडेची खोली नको, हॉर्न रात्री उशिरापर्यंत चालू असतात. मागच्या बाजूची मागा.

पलीकडेच राहायचं असेल तर मेट्रोच्या जवळ राहा. थलतेज–वस्त्राल मार्गावर शाहपूर, घीकांटा आणि कालुपूर ही तिन्ही स्थानकं जमिनीखाली, जुन्या शहराला चिकटून आहेत. सकाळी कालुपूरला उतरा, तिथून मंदिर चालत. संध्याकाळी घीकांट्याहून परत. रात्री माणेक चौकानंतर मात्र मेट्रो धरून चालू नका, रिक्षाच.

माळवद

रेल्वेबद्दल?

अंबाडी

एवढं मला सांगता येईल. अहमदाबाद स्टेशनचं पुनर्विकासाचं काम चालू असल्याने काही गाड्या साबरमती, असारवा, वटवा किंवा मणिनगरहून सुटतात. तिकिटावर कुठलं स्टेशन छापलंय ते येताना आणि जाताना, दोन्ही वेळा वाचा. परतीला चुकीच्या स्टेशनवर उभं राहण्याचे प्रकार याचमुळे होतात. साबरमती आणि कालुपूर यांच्यात शहराची गर्दी धरून निदान पाऊण तास ठेवा.

सामान अमानती घरात ठेवायचं तर प्रत्येक डागाला कुलूप हवं आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप नसेल तर घेत नाहीत. पाठीवर मोठी सॅक घेऊन पोळीत जाऊ नका, समोरून दुचाकी आली की भिंतीला टेकून उभं राहावं लागतं आणि सॅक आडवी येते.

ओसरी

माणेक चौकाबद्दल एकच ओळ आली.

साळुंकी

खाण्याबद्दल मी लिहिते. एकाच चौकाची तीन रूपं. पहाटे गाईंसाठी चारा आणि भाजी, दिवसा सोन्याचांदीचा बाजार, आणि सराफांनी दुकानं बंद केल्यावर रात्री त्याच फरशीवर बाकडी. नऊच्या आधी गेलात तर मांडामांड चालू असते. दहा ही बरी वेळ. घूघरा सँडविच, ग्वालियर डोसा, पावभाजी, कुल्फी या तिथल्या ओळखीच्या गोष्टी. बटर आणि चीज हात सैल सोडून घालतात, नको असेल तर मागणी देतानाच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. चौघांनी दोन पदार्थ वाटून घ्यावेत. एकेक जागी पोट भरलं की बाकीचं राहतं. पाणी बाटलीबंद, बर्फ नको.

चौकाला नाव ज्यांचं, त्या माणेकनाथांचं मंदिर तिथेच कोपऱ्यात आहे. ते दिवसभर गोधडी विणायचे आणि रात्री उसवायचे, त्याबरोबर दिवसा बांधलेला कोट रात्री पडायचा, अशी गोष्ट सांगतात. आणि रविवारी सराफा बंद असतो, त्यामुळे दिवसाचं रूप बघायचं तर शनिवारीच.

बोरूवाले

रविवारच्या सकाळबद्दल. हठीसिंगचं देरासर १८४८ चं, पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांचं. शेठ हठीसिंग काम चालू असतानाच वारले आणि पुढचं सगळं त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी पूर्ण करून घेतलं. आदल्या दिवशी वाटेत जी हवेली बघाल ती त्यांचीच, म्हणून हवेली शनिवारी आणि देरासर रविवारी हा क्रम फार छान जुळतो. चारी बाजूंनी ५२ देवकुलिकांची (छोट्या देवळ्यांची) ओवरी आहे. ती एकदा पूर्ण फिरा, मधल्या मंडपात मग जा.

तिथून असारव्याला रिक्षा. दादा हरिची वाव गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्या जनानखान्याची व्यवस्था बघणाऱ्या बाई हरिरने बांधवली. पाच मजले खोल, एक संस्कृत आणि एक अरबी शिलालेख. सकाळी लवकर गेलात तर खालचे मजले अंधारात असतात. दहा-अकराच्या सुमारास ऊन वरून आत उतरतं आणि अष्टकोनी विहिरीपर्यंत खांबांची रांग दिसते. इथेही घड्याळच. पायऱ्यांवर कबुतरांची विष्ठा असते, ओलसर असेल तर घसरायला होतं, भिंतीच्या बाजूने उतरा.

शेजारी माता भवानीची वाव आहे, तिथे पूजा चालते. पाच मिनिटांचं अंतर. एकदम वेगळ्या घडणीची आणि जुनी.

माळवद

एप्रिल-मेमध्ये चालेल का?

नकाशेवाला

नको. पारा ४२ च्या वर जातो आणि दगडी अंगणांत तर थांबवतच नाही. जायचंच असेल तर सकाळचा टप्पा साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवा, जामा मशीद संध्याकाळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. १४-१५ जानेवारीला उत्तरायण, पोळींच्या गच्च्या पतंगांनी भरलेल्या असतात आणि खोल्या खूप आधी संपतात. त्या दोन दिवसांत भाड्याची दुचाकी अजिबात घेऊ नका, मांजा गळ्याशी येतो. पावसाळ्यात पोळी धुऊन निघालेल्या सुंदर दिसतात, पण गुळगुळीत दगडांवर पाय जपा.

अंबाडी

असारव्याच्या वावेहून परतीच्या गाडीला जाणाऱ्यांसाठी: वावेच्या दारात रिक्षा क्वचित उभी असते. आलेल्या रिक्षालाच तासभर थांबायला सांगून ठेवा, थांबण्याचे पैसे आधी ठरवा. गाडी असारवा स्टेशनवरूनच सुटणार असेल तर ते तिथून जवळ आहे, सामान घेऊनच निघा.